रेषेबाहेरची हाक

४ फेब्रुवारी

टिटवे,

"तू शिकवत नाहीस, ओरडतोस. शिकवायचंच असेल तर लिहून पाठव. कागद तरी ओरडत नाही." हे तुझं शेवटचं वाक्य. चिडून म्हणालीस की मनापासून, ते मला अजून कळलेलं नाही. पण माझा फोन तू घेत नाहीस आणि शिबिराचा पत्ता तुझ्या संघातल्या लवंगीने दिला आहे, तेव्हा मनापासून म्हणालीस असंच धरून चाललो आहे. निवडीचा सामना चौदा मार्चला, म्हणजे अडतीस दिवस. अडतीस दिवसांत लोक गाडी चालवायला शिकतात. तुला तर नुसता बॉल झेलायचा आहे.

नुसता म्हणालो म्हणून कागद फाडू नकोस. रग्बीचा बॉल अंड्यासारखा, खाली येताना कुठे वळेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं, आणि तू फुलबॅक, सगळ्यांच्या मागे एकटी उभी. पुढच्या चौदाजणी चुकल्या तर तू आहेस. तू चुकलीस तर मागे फक्त गवत.

धडा पहिला. खोलीत जमिनीवर उताणी पड. बॉल छातीवरून सरळ वर फेक, छताला लागू द्यायचा नाही, आणि दोन्ही हातांनी घे. रोज शंभर. पहिले तीस-चाळीस बॉल नाकावर येतील या भीतीने डोळे मिटतील. नंतर डोळेच कंटाळतात. तुला हे जमायलाच हवं. टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून. पहिल्याच सरावात बॉलमागे पडून तू तशीच पाय वर करून राहिलीस आणि सरांनी नाव ठेवलं. नावाला जाग जरा.

बोट कसं आहे? उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं. पूर्ण मिटतं का?

माझी काळजी करू नकोस (करत असशील तर). कॉलेज सोडलं त्यात माझं काही गेलं नाही. सर तुला भित्री म्हणाले, मी त्यांची कॉलर धरली. पुन्हा म्हणाले तर पुन्हा धरीन. वडील माझ्याशी बोलत नाहीत, आईमार्फत बोलतात. "त्याला विचार, भात वाढू का." मी समोरच बसलेला असतो, हातात ताट घेऊन.

भडकू

११ फेब्रुवारी

टिटवे,

मला नोकरी लागली. हसू नकोस, लाँड्रीत. मोठी आहे, चार हॉटेलांच्या चादरी, टॉवेल आणि कुठकुठल्या संघांच्या जर्स्या येतात. धुऊन पिळून निघालेल्या चादरींचं गाठोडं एकाने उचलून फेकायचं आणि वाळवणीच्या मशीनपाशी दुसऱ्याने झेलायचं. ढकलगाडी आहे, पण तिचं एक चाक बसलंय आणि ते दुरुस्त करणं हे कुणाचंच काम नाही. मी झेलणारा. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे तर माझ्या घरचंच. छाती पुढे काढून उभा राहिलो. पहिलं गाठोडं छातीवर असं आदळलं की मी गाठोड्यासकट मागच्या टोपलीत बसलो. ओली चादर म्हणजे काय हे हॉटेलात झोपणाऱ्याला कळायचं नाही.

फेकणाऱ्या मावशी आहेत. वय पन्नाशीपुढचं, उंची माझ्या खांद्याएवढी. वीस वर्षं त्याच मशीनवर आहेत. मला टोपलीतून काढायला आल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "अडवायला उभा राहिलास होय रे? अडवायचं नसतं. येऊ द्यायचं असतं."

मग स्वतः झेलून दाखवलं. हात आधीच पुढे, गाठोडं बोटांना लागलं की हात मागे, कंबर वळलेली, गुडघे सैल. गाठोडं अंगाला भिडेपर्यंत त्याचा जोरच संपलेला. आवाजही नाही.

टिटवे, आपल्याला सात महिने हेच चुकत होतं. मी तुला म्हणायचो, घट्ट पकड, घट्ट पकड. तू घट्ट पकडायचीस आणि बॉल भिंतीवरून उडावा तसा तुझ्या हातांतून उडायचा. मग मी ओरडायचो. मग तू आणखी घट्ट.

तर हा धडा दुसरा. कोपरं एकमेकांजवळ, बोटं पसरलेली, तळवे आभाळाकडे. बॉल आला की हातांनी त्याच्याबरोबर खाली यायचं. अंग थोडं तिरकं, कारण समोरासमोर उभं राहून घेतलास आणि निसटला तर तो पुढे पडतो आणि शिट्टी होते. तिरकी असलीस तर मागे पडतो, निदान खेळ चालू राहतो. कोपरांची काळजी घे. घाबरलीस की तुझी कोपरं उघडतात, कोंबडीच्या पंखांसारखी. हे मी प्रेमाने लिहितो आहे.

प्रेमाने हा शब्द खोडणार होतो. राहू दे.

भडकू

१९ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं कार्ड आलं! पूर्ण एक कार्ड! आईने ते सकाळीच घेतलं होतं आणि दुपारपर्यंत पदराआड ठेवलं, का तर म्हणे मी कामावरून जेवायला येतो तेव्हा द्यायचं, नाहीतर उपाशी राहतो. वडिलांनी आईला विचारलं, "त्याला विचार, काय लिहिलंय." मी आईला सांगितलं, "त्यांना सांग, खासगी आहे."

खासगी म्हणजे काय, तर एवढंच. "दुसऱ्या धड्यात हात वर कधी न्यायचे ते लिहिलं नाहीस. मी लवकर नेते, मग दुखतात. बोट तीन-चतुर्थांश मिटतं." खाली नाव नाही, वर मायना नाही. तरी मी ते इतक्या वेळा वाचलं की मावशींनी विचारलं, बँकेचं आहे का. नाही म्हणालो. दाखव म्हणाल्या. वाचून परत दिलं आणि म्हणाल्या, "मुलगी कामाची आहे. तू वायफळ आहेस."

उत्तर देतो. हात लवकर नेलेस की बॉल दिसायचा बंद होतो, तुझेच हात आड येतात. बॉल वर जातो, क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, मग पडायला लागतो. पडायला लागला की तू पाय हलव, हात नाही. बॉलखाली पोचलीस, थांबलीस, एक श्वास, आणि मग हात. लाँड्रीतही मी हेच करतो. मावशी गाठोडं उचलतात तेव्हा मी हलत नाही. त्यांच्या मनगटातून सुटलं की हलतो. गेल्या आठवड्यात बावीस पडली होती, या आठवड्यात सहा.

तीन-चतुर्थांश म्हणजे बाकीचं पाव कधी मिटणार, की मिटणारच नाही? डॉक्टर काय म्हणाले? गरम पाण्यात धर आणि दुसऱ्या हाताने हळू दाब. शेवटच्या पावात खरी पकड असते. हे तुला माहीत आहे, पण लिहितो, कारण मला दुसरं काय करता येणार इथून?

चौथा धडा हाकेचा. तो आज नको. हात दुखतात माझेही.

(तिसरा कुठे गेला असं विचारशील. वर हात कधी न्यायचे ते सांगितलं, तोच तिसरा.)

भडकू

२७ फेब्रुवारी

टिटवे,

काल लवंगी लाँड्रीत आली होती, कॉलेजच्या जर्स्यांचं पोतं घेऊन. मला ॲप्रनमध्ये बघून तिला हसू आवरेना. मग आवरलं. म्हणाली, शिबिरात सर निवड समितीवर आहेत, आणि तुझ्या कागदावर त्यांनी लिहून ठेवलंय, "उंच बॉलखाली ऐन वेळी सोडते." म्हणाली, बाकी सगळं छान लिहिलंय, धावणं, अडवणं. पण फुलबॅकच्या कागदावर हे एक वाक्य म्हणजे बाकीच्याला काही अर्थच नाही.

ती गेल्यावर मी जर्स्या मशीनमध्ये टाकल्या. तुझी पंधरा नंबरची आता दुसरी कुणीतरी घालते. लहान मापाची आहे.

हाकेचा धडा आज लिहितो. तो मी तुला दिला नाही असं नाही. तोच एक मी तुला नीट दिला होता.

बॉल वर असताना ज्याला घ्यायचाय त्याने "सोडा!" म्हणायचं. म्हणजे मी घेणार, बाकीच्यांनी लांब व्हा. मग बाकीच्यांनी बघायचं नाही, विचारायचं नाही, पाय तिथेच थांबवायचे, नाहीतर दोघं आदळतात. सात महिने संध्याकाळी आपण दोघंच असायचो त्या मागच्या मैदानात. मी बॉल वर मारायचो, दोघं धावायचो, आणि अर्ध्या वेळा मी "सोडा" म्हणायचो आणि तू थांबायचीस. सुरुवातीला मान वळवायचीस, तर मी ओरडायचो, बघू नको, थांब म्हणजे थांब! शेवटी शेवटी मी म्हणायच्या आत तुझी टाच रुतायची. मला केवढा अभिमान होता.

आता नोव्हेंबरातला अंतिम सामना.

सहा मिनिटं उरली होती, आपण दोन गुणांनी पुढे. त्यांनी बॉल उंच मारला. तू खाली होतीस, बरोबर जागेवर, कोपरं आत, सगळं बरोबर. आणि डाव्या कडेने लवंगी धावत आली, वेड्यासारखी, वर बघत. मला दिसलं की ती तुझ्यावर आदळणार. मी रेषेबाहेर उभा होतो, आठ-दहा हातांवर. मी ओरडलो, "सोडा!"

लवंगीसाठी ओरडलो, टिटवे. तिने तुझ्यासाठी सोडावा म्हणून. शप्पथ.

ती थांबली. आणि तूही थांबलीस. तुझी टाच रुतलेली मी बघितली. बॉल तुमच्या दोघींच्या मधोमध पडला, उडाला, त्यांच्या मुलीने उचलला आणि ती पळत सुटली. तू मागून जाऊन तिचे पाय धरलेस, तरी ती शेवटच्या रेषेपलीकडे बॉल टेकवून, ट्राय करूनच पडली, आणि तिच्यामागून येणारीचा बूट तुझ्या हातावर. सामनाही गेला आणि बोटही.

नंतर सरांनी विचारलं, हाक कुणाची होती. मी तिथेच होतो, पाण्याच्या बाटल्यांपाशी. मी वाट बघत होतो की लवंगी काहीतरी सांगेल, किंवा तू. तू म्हणालीस, "माझीच." सर म्हणाले, हाक देऊन सोडलास? म्हणजे घाबरलीस. तू काही बोलली नाहीस. मी पण नाही. मला वाटलं, गोंधळात तुला स्वतःलाच नीट आठवत नसेल. असं मला वाटलं नाही, असं मी ठरवलं. दोन दिवसांनी ऑफिसच्या दारात सर कुणाला तरी म्हणाले, भित्री आहे ती पोरगी, आणि मी त्यांची कॉलर धरली. सगळ्यांना वाटलं केवढं प्रेम. मलाही वाटलं. पण माणूस एवढा चिडतो कधी, तर समोरचा आपलंच पाप दुसऱ्याच्या नावावर मांडत असतो आणि आपल्याला तोंड उघडता येत नाही तेव्हा.

कॉलेज मी तुझ्यासाठी नाही सोडलं. त्या मैदानावरून रोज जावं लागलं असतं म्हणून सोडलं.

आता एवढंच माझ्या हातात आहे. सरांनाही आत्ता लिहिलं. सगळं, वर लिहिलंय तसंच. दोन्ही पाकिटं एकाच वेळी पेटीत टाकतो. त्यांनी ते वाक्य खोडलं पाहिजे.

तुझा
भडकू

७ मार्च

टिटवे,

तुझं कार्ड तीन तारखेला आलं, माझं पत्र पोचायच्या आधीच टाकलेलं; सरांच्या कागदाचं मला सांगितल्याचं लवंगीने तुला कळवलं असणार. "हाक तुझी होती हे मला तेव्हाच कळलं. तुझा आवाज मला कळणार नाही का? रेषेबाहेरून हाक दिली म्हणून सर तुला वर्षभर मैदानाबाहेर काढतील, आणि तुमच्या मुलांच्या संघाची निवड आठवड्यावर होती, म्हणून माझी म्हणाले. सरांना काहीही लिहू नकोस."

लिहू नकोस.

मी पोस्टात गेलो. काउंटरवरच्या काकांना म्हणालो, सत्तावीस तारखेला टाकलेलं पत्र परत हवंय. ते म्हणाले, "बाळा, पेटीत टाकलं की ते तुझं नाही." मी म्हणालो, मीच लिहिलंय. ते म्हणाले, लिहिलं असशील. मी काउंटरवर हात आपटला, मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, आणि मला एकदम रडूच आलं, सगळ्या रांगेसमोर. त्यांनी मला आत बसवून पाणी दिलं. पत्र चार दिवसांपूर्वीच गेलं होतं. ते तरी काय करणार.

सरांचं उत्तर काल आलं. दोन ओळी. "तुझं पत्र मिळालं. म्हणजे ती माझ्याशी खोटं बोलली होती. कळवलंस ते बरं केलंस."

तू मला मैदानात ठेवायला खोटं बोललीस, आणि मी दोन दिवसांत कॉलर धरून आपणहून बाहेर पडलो. आणि आता तुझ्यावरचा डाग पुसायला गेलो तर तुझं खोटं उघड्यावर आणलं. तुला न विचारता. लवंगी धावत येताना दिसली तेव्हाही मी तुला विचारलं नव्हतं. पुन्हा रेषेबाहेरून ओरडलो, टिटवे, या वेळी कागदावर. कागद ओरडत नाही असं तू म्हणाली होतीस. माझ्याबद्दलचा तुझा अंदाज कमी पडला.

मावशींना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील, समजूत घालतील. त्या चादरी घडी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता काही करू नकोस."

मी म्हणालो, काहीच नाही?

"ते तुला सगळ्यात जड जाईल, मला माहितेय. पण तेवढंच कर."

म्हणून या पत्रात धडा नाही.

१५ मार्च

टिटवे,

मी काल आलो होतो. सांगणार नव्हतो, पण लपवण्यातून काय होतं ते आता कळलंय. मावशींनी सुट्टी दिली नाही, पाळी बदलून दिली, आणि निघताना खिशात एक टॉवेल कोंबला. हॉटेलचा, कडेला फाटलेला. म्हणाल्या, "ओरडावंसं वाटलं की तोंडात घाल." मला वाटलं चेष्टा करतात.

जाळीबाहेर उभा होतो, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, तुला दिसणार नाही असा. सरांनी तुला सुरुवातीला खेळवलंच नाही. पन्नास मिनिटं तू बाकावर होतीस, डाव्या हाताने उजवं बोट दाबत. गरम पाण्याचं लिहिलं होतं ते करतेस की नाही, कळलं नाही. मग शेवटच्या पंधरा मिनिटांना आत पाठवलं.

पहिला बॉल आला तो उन्हाच्या बाजूने. तू बरोबर खाली पोचलीस. हात उशिरा नेलेस, बरोबर. आणि मला दिसलं, कोपरं उघडली होती. दोन्ही. बॉल अजून वर होता, टिटवे, मला पूर्ण वेळ होता. कोपरं! एवढा एक शब्द. जाळीपलीकडे गेला असता, तुझ्यापर्यंतही पोचला असता, तू ऐकून आत घेतली असतीस. मी टॉवेल तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी जाळी धरली.

बॉल करंगळी आणि त्या न मिटणाऱ्या बोटामधून निसटला आणि पुढे पडला. शिट्टी झाली. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

दुसरा बॉल शेवटच्या मिनिटाला. तू हाक दिलीस. तुझी हाक मी सात महिन्यांत कधी अशी ऐकली नव्हती, आपण असायचो तेव्हा नेहमी मीच मोठ्याने ओरडायचो ना. केवढा आवाज आहे तुझा! दोघीजणी जागच्या जागी थांबल्या. मी पण थांबलो, जाळीबाहेर, उगाचच. तू घेतलास. छातीशी आवाजसुद्धा झाला नाही. तो झेल मी शिकवला होता असं म्हणणार होतो. तो मावशींचा होता.

सरांनी नावं वाचली तेव्हा सगळ्या अर्ध्या गोलात उभ्या होत्या. तेवीस नावं. मी बोटांवर मोजली, चुकलो असेन म्हणून मनात पुन्हा मोजली. तुझं नव्हतं. दुसऱ्या बॉलने काही होणार नव्हतं. पहिल्या बॉलनेही नसेल कदाचित. माझं पत्र पोचलं त्या दिवशीच ठरलं असेल, किंवा नोव्हेंबरात. हे मला कधीच कळणार नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही.

बाकीच्या गेल्यावर तू जाळीच्या पिशवीतून एक बॉल काढलास. मला वाटलं रागाने लाथ मारशील. तू तो सरळ वर मारलास, आणि धावत त्याच्याखाली गेलीस, आणि घेतलास. पुन्हा मारलास. स्वतःच मारायचा, स्वतःच पळायचं. असा सराव होत नाही, टिटवे, तुला माहीत आहे. स्वतः मारलेला बॉल कुठे पडणार हे आधीच कळतं. दुसरं कुणीतरी मारायला लागतं.

माझ्यापासून वीस पावलांवर फाटक होतं. उघडं. चौकीदारही नव्हता. तू दहा मारलेस, आठ घेतलेस. सातव्याला कोपरं पुन्हा उघडली, आठव्याला तूच आत घेतलीस. तोपर्यंत टॉवेल पार भिजला होता.

मग माझी बस आली.

तू एवढंच मागितलं होतंस, की मी ओरडू नये. काल नाही ओरडलो.